ओंटारिओतील फ्रेंच भाषिक कॅथलिक स्कूल बोर्ड : भाषा, श्रद्धा आणि शाळेचा कारभार

कॅनडा देशाच्या ओंटारिओ प्रांतात आठ फ्रेंच भाषिक कॅथलिक स्कूल बोर्ड आहेत. इंग्रजी भाषिकांची प्रचंड बहुसंख्या असलेल्या या प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांच्या मुलांना त्यांच्याच भाषेतून आणि त्यांच्याच श्रद्धेच्या वातावरणात शिक्षण देणाऱ्या या संस्था आहेत. त्या शासकीय निधीतून चालतात, मात्र त्यांचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या विश्वस्तांकडे असतो. आजच्या स्वरूपातील हे बोर्ड १ जानेवारी १९९८ रोजी अस्तित्वात आले. त्यामागे मात्र शंभर वर्षांहून अधिक काळाचा संघर्ष उभा आहे. हा संघर्ष केवळ कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील नव्हता. त्यातील एक फार कटू अध्याय कॅथलिकांनी कॅथलिकांविरुद्ध लिहिला.

आपल्याकडे 'बोर्ड' म्हटले की दहावी-बारावीची परीक्षा घेणारे मंडळ डोळ्यांसमोर येते. कॅनडातील स्कूल बोर्ड म्हणजे परीक्षा मंडळ नव्हे. ठरावीक प्रदेशातील शाळा चालविणारी ती स्थानिक संस्था असते. शाळा कोठे उघडावी, कोणती बंद करावी, शिक्षक कोणते नेमावेत, अंदाजपत्रक कसे असावे, असे निर्णय हे बोर्ड घेते. म्हणूनच बोर्ड कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तेथे फार महत्त्वाचा ठरतो. शाळेत फ्रेंच शिकविण्याची परवानगी मिळणे ही एक गोष्ट, आणि त्या शाळेचा कारभार फ्रेंच भाषिकांच्या हाती असणे ही निराळी गोष्ट. हा फरक ओंटारिओतील फ्रेंच समाजाला किंमत मोजून कळला.

फ्रेंच भाषिकांचे ओंटारिओतील मूळ

ओंटारिओतील फ्रेंच भाषिक हे तेथे काल-परवा आलेले लोक नाहीत. १६३९ मध्ये येशूसंघीय फ्रेंच मिशनऱ्यांनी ह्युरॉन या मूळ रहिवासी लोकांमध्ये 'सेंत-मारी' हे केंद्र उभारले. पुढे अठराव्या शतकात आजच्या विंडसर शहराच्या परिसरात फ्रेंच शेतकऱ्यांनी वसाहत केली. तेथील स्वर्गोन्नयन मातेचे धर्मग्राम १७६७ चे असून ते या प्रांतातील सर्वांत जुने धर्मग्राम मानले जाते.

एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडीच्या, रेल्वेच्या आणि खाणींच्या कामांसाठी शेजारच्या क्वेबेक प्रांतातून अनेक कुटुंबे ओंटारिओच्या पूर्व व उत्तर भागांत आली. त्यांच्या पाठोपाठ धर्मगुरू आणि धर्मभगिनीही आल्या. फेब्रुवारी १८४५ मध्ये 'ग्रे नन्स' या संघाच्या सिस्टर एलिझाबेथ ब्रुइयेर माँट्रियलहून बायटाऊन येथे पोहोचल्या. हे बायटाऊन म्हणजे आजची राजधानी ओटावा. काही आठवड्यांतच त्यांनी तेथे फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकविणारी शाळा सुरू केली आणि त्याच वर्षी रुग्णालयही उघडले. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'आदरणीय' म्हणून घोषित केले. १८४८ मध्ये बिशप गीग यांनी ऑब्लेट धर्मगुरूंच्या साहाय्याने तेथे महाविद्यालय स्थापन केले. त्याचेच पुढे ओटावा विद्यापीठ झाले.

फ्रेंच समाजाची गावे अशा रीतीने चर्च, शाळा आणि धर्मभगिनींचा मठ यांच्याभोवती वाढली. घरातील भाषा, प्रार्थनेची भाषा आणि शाळेची भाषा एकच होती. धर्मशिक्षण फ्रेंचमधून होत असे. त्यामुळे भाषेवर आलेला घाला हा श्रद्धेवरचाही घाला आहे, अशी त्या लोकांची भावना होती.

राज्यघटनेने काय दिले, काय राहून गेले

१८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य स्थापन झाले. त्या वेळच्या घटनात्मक कायद्याच्या ९३ व्या कलमाने शिक्षण हा विषय प्रांतांकडे सोपविला. मात्र संघराज्य होताना ज्या धार्मिक अल्पसंख्याकांना कायद्याने शाळांचा हक्क मिळालेला होता, तो हक्क प्रांताला हिरावून घेता येणार नाही, असेही त्यात नमूद केले. ओंटारिओतील कॅथलिकांना १८६३ च्या कायद्याने स्वतंत्र शाळांचा हक्क मिळाला होता. या शाळांना तेथे 'सेपरेट स्कूल' म्हणतात. तो हक्क अशा प्रकारे सुरक्षित झाला.

या कलमाने संरक्षण दिले ते धर्माला, भाषेला नव्हे. त्या काळी हा फरक फारसा कोणाला जाणवला नाही. फ्रेंच कॅथलिकांना वाटले, कॅथलिक शाळा सुरक्षित म्हणजे आपली फ्रेंच शाळाही सुरक्षित. पुढील पन्नास वर्षांत हा विश्वास फोल ठरला. १८८५ मध्ये प्रत्येक शाळेत इंग्रजीचे अध्यापन सक्तीचे झाले. १८९० मध्ये जेथे मुलांना इंग्रजी समजतच नाही अशा ठिकाणांचा अपवाद करून, इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम असावे असा नियम आला.

सतरावा नियम

जानेवारी १९१० मध्ये ओटावा येथे सुमारे १,२०० प्रतिनिधींची शिक्षण परिषद भरली. तीतून फ्रेंच-कॅनेडियन शिक्षण संघटना जन्माला आली. सिनेटर नेपोलियन-अँट्वान बेलकूर हे तिचे पहिले अध्यक्ष. द्विभाषिक शाळांना अधिकृत मान्यता आणि पुरेसा निधी मिळावा, ही तिची मुख्य मागणी होती.

याच वर्षी आयरिश वंशाचे बिशप मायकेल फॅलन यांनी ओंटारिओतील लंडन धर्मप्रांताची धुरा स्वीकारली. द्विभाषिक शाळांत मुलांना धड इंग्रजी येत नाही आणि धड फ्रेंचही येत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. इंग्रजी भाषिक कॅथलिकांमध्ये आणखी एक भीती होती. फ्रेंचच्या प्रश्नावरून प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांचा रोष ओढवला, तर कॅथलिक शाळांची संपूर्ण व्यवस्थाच धोक्यात येईल, असे त्यांना वाटे. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण तिचा परिणाम असा झाला की, एकाच श्रद्धेचे दोन समाज शाळेच्या दारात एकमेकांसमोर उभे ठाकले.

सरकारने शिक्षणाधिकारी एफ. डब्ल्यू. मर्चंट यांच्याकडे चौकशी सोपविली. अनेक द्विभाषिक शाळांचा दर्जा समाधानकारक नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. दर्जा उंचावण्यासाठी चांगले शिक्षक तयार करणे हा एक मार्ग होता. पंतप्रधान जेम्स व्हिटनी यांच्या प्रांतिक सरकारने दुसरा मार्ग पत्करला. जून १९१२ मध्ये शिक्षण खात्याने 'नियम १७' जारी केला. त्यानुसार फ्रेंच माध्यम शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरतेच मर्यादित करण्यात आले. पुढच्या वर्षी त्यात बदल करून दिवसाला एक तास फ्रेंच शिकविण्यास मुभा दिली गेली. फ्रेंच समाजाने ही मुभाही अपुरी मानली.

ओटावातील प्रतिकार

ओटावाच्या कॅथलिक स्कूल बोर्डाचे अध्यक्ष सॅम्युएल जनेस्त होते. बोर्डाने हा नियम पाळण्यास नकार दिला. २७ मार्च १९१३ रोजी ऑब्लेट धर्मगुरूंच्या पुढाकाराने 'ल द्रुआ' हे फ्रेंच दैनिक सुरू झाले. या नावाचा अर्थ 'हक्क' असा होतो.

बोर्डातील इंग्रजी भाषिक कॅथलिक गटाने मात्र न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने नियम न पाळणाऱ्या शाळांवर खर्च करण्यास मनाई केली. शिक्षकांचे पगार थांबले आणि १९१४ मध्ये काही काळ शाळाच बंद राहिल्या. १९१५ मध्ये प्रांतिक सरकारने निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार काढून घेतले आणि स्वतः नेमलेल्या आयोगाकडे शाळा सोपविल्या.

बेआत्रीस आणि दियान देलोज या दोन तरुण शिक्षिका-भगिनी ओटावातील गीग शाळेत शिकवीत असत. आयोगाने त्यांना कामावरून दूर केल्यावर त्यांनी इतरत्र जागा मिळवून वर्ग चालू ठेवले. जानेवारी १९१६ मध्ये त्या पुन्हा आपल्या शाळेत परतल्या. पोलिसांनी त्यांना बाहेर काढू नये म्हणून मुलांच्या आया शाळेच्या दारावर पहारा देऊ लागल्या. त्यांच्या हाती होत्या त्या टोपीला लावण्याच्या लांब पिना, कात्र्या आणि स्वयंपाकघरातील लाटणी. हा प्रसंग 'टोपीपिनांची लढाई' म्हणून आजही सांगितला जातो. आज ओंटारिओतील फ्रेंच शाळांमधून मुलांना जो इतिहास शिकविला जातो, त्यात या मातांना मानाचे स्थान आहे.

पोपमहोदयांचे पत्र

हा वाद रोमपर्यंत गेला. पहिले महायुद्ध चालू असताना, ८ सप्टेंबर १९१६ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी क्वेबेकचे कार्डिनल बेगँ यांना पत्र लिहिले. मुलांना इंग्रजी शिकविली जावी असा आग्रह धरण्याचा सरकारचा अधिकार त्यांनी मान्य केला. त्याचबरोबर, जेथे फ्रेंच मुलांची पुरेशी संख्या आहे अशा शाळांत योग्य प्रकारे फ्रेंच शिकविली जावी, अशी मागणी करण्याचा फ्रेंच भाषिकांचा हक्क नाकारण्याचे कारण नाही, असेही त्यांनी म्हटले. कॅथलिकांमधील कलहाबद्दल त्यांनी तीव्र दुःख व्यक्त केले आणि धर्मगुरूंना दोन्ही भाषा अवगत करून घेण्याचा सल्ला दिला. जून १९१८ मध्ये त्यांनी याच विषयावर पुन्हा पत्र धाडले.

रोमने कोणा एका पक्षाला विजयी ठरविले नाही. परंतु एका कॅथलिकाने दुसऱ्या कॅथलिकाच्या मातृभाषेकडे अडथळा म्हणून पाहू नये, हा संदेश त्यात होता. वर्षानुवर्षे दुखावलेली मने एका पत्राने सांधली गेली नाहीत, हेही खरे.

लंडनचा निवाडा आणि नियमाचा शेवट

नोव्हेंबर १९१६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायपीठाने, दोन निकाल दिले. पहिल्यात नियम १७ वैध ठरविण्यात आला, कारण घटनेचे ९३ वे कलम धर्माचे रक्षण करते, भाषेचे नव्हे. दुसऱ्या निकालात ओटावा बोर्डाची सत्ता काढून घेणारा कायदा घटनाबाह्य ठरला. म्हणजे फ्रेंच कॅथलिकांना कॅथलिक या नात्याने आपले बोर्ड परत मिळाले, पण फ्रेंच भाषिक या नात्याने त्यांना काहीच मिळाले नाही.

तरीही लोकांनी धीर सोडला नाही. १९२३ मध्ये पेंब्रोक गावात जान लाज्वा या तरुण शिक्षिकेने एका घरात फ्रेंच मुलांसाठी स्वतंत्र वर्ग सुरू केले. ठिकठिकाणी शिक्षक आणि पालक नियमाला बगल देत राहिले. पुढे इंग्रजी भाषिकांमधूनही या धोरणाविरुद्ध आवाज उठू लागला. १९२७ मध्ये नव्या चौकशी समितीने हा नियम निष्फळ ठरल्याचे नमूद केले आणि पंतप्रधान हॉवर्ड फर्ग्युसन यांच्या सरकारने त्याची अंमलबजावणी थांबविली. १९४४ मध्ये तो कालबाह्य झाला. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर, २२ फेब्रुवारी २०१६ रोजी ओंटारिओच्या पंतप्रधान कॅथलिन विन यांनी विधिमंडळात फ्रेंच भाषिकांची अधिकृत माफी मागितली.

श्रद्धा की भाषा?

नियम गेला तरी अडचण संपली नाही. कॅथलिक शाळांना शासनाचा निधी दहावीपर्यंतच मिळत असे. त्यापुढील वर्गांसाठी धर्मसंघांनी चालविलेल्या खाजगी शाळा होत्या, पण त्यांची फी सर्वांना परवडणारी नव्हती. अनेक फ्रेंच मुलांचे शिक्षण अर्ध्यावर सुटण्यामागे हे एक मोठे कारण होते.

१९६८ मध्ये प्रांतिक सरकारने फ्रेंच माध्यमाच्या सार्वजनिक माध्यमिक शाळांना कायदेशीर मान्यता दिली. हा मोठाच दिलासा होता. पण या शाळा कॅथलिक नव्हत्या. त्यामुळे आईवडिलांसमोर पेच उभा राहिला : निधी मिळणारी फ्रेंच शाळा निवडावी, की खाजगी कॅथलिक शाळेचा भार सोसावा? जून १९८४ मध्ये पंतप्रधान बिल डेव्हिस यांनी कॅथलिक माध्यमिक शाळांना पूर्ण निधी देण्याची घोषणा केली. त्याचा कायदा १९८६ मध्ये झाला आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. मग कुठे हा पेच सुटू लागला.

कारभाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. फ्रेंच शाळा कॅथलिक असोत वा सार्वजनिक, त्या बहुधा इंग्रजी बहुमत असलेल्या बोर्डांच्या अखत्यारीत होत्या. १९७१ मध्ये स्टर्जन फॉल्स येथे फ्रेंच शाळेच्या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी संप केला. १९७९ मध्ये पेनेटँग्विशीन गावात बोर्डाने स्वतंत्र फ्रेंच माध्यमिक शाळा देण्यास नकार दिल्यावर तेथील लोकांनी स्वतःच 'प्रतिकाराची शाळा' सुरू केली. कायदा फ्रेंच शाळेला परवानगी देत होता, पण ती उघडायची की नाही हे ठरविणाऱ्यांच्या घरी फ्रेंच बोलली जात नव्हती. प्रत्येक वेळी अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांच्या मतदानावर अवलंबून राहावे लागे.

तेविसावे कलम

१९८२ मध्ये कॅनडाने मूलभूत हक्कांची सनद स्वीकारली. तिचे २३ वे कलम हे या साऱ्या इतिहासाचे फळ होय. या कलमाने अल्पसंख्याक भाषेतून शिक्षणाचा हक्क पालकांना दिला. ज्या नागरिकाची मातृभाषा त्या प्रांतातील फ्रेंच वा इंग्रजी अल्पसंख्याकांची भाषा आहे, ज्याने कॅनडात त्या भाषेतून प्राथमिक शिक्षण घेतले आहे, किंवा ज्याचे एखादे मूल कॅनडात त्या भाषेतून शिकले वा शिकत आहे, अशा नागरिकाला आपल्या सर्व मुलांसाठी हा हक्क आहे. क्वेबेक प्रांताला मात्र यातील मातृभाषेचा निकष लागू झालेला नाही. मुलांची संख्या पुरेशी असेल तेथे शासनाने सार्वजनिक निधीतून अशी शाळा देणे बंधनकारक आहे.

शाळा चालविणार कोण, हा प्रश्न उरला होता. १९८४ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने या हक्कात व्यवस्थापनाचाही समावेश होतो, असे मत दिले. १५ मार्च १९९० रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'माहे विरुद्ध अल्बर्टा' या खटल्यात हे तत्त्व साऱ्या देशासाठी प्रस्थापित केले. हा खटला एडमंटन शहरातील फ्रेंच पालकांनी लढविला होता. सरन्यायाधीश ब्रायन डिक्सन यांनी निकालपत्रात म्हटले की, बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांच्या भाषिक गरजा नेहमीच पुरेशा उमगतील असे नाही, म्हणून व्यवस्थापनाचा वाटा आवश्यक आहे. मुलांची संख्या जसजशी मोठी, तसतसा हा वाटाही मोठा, असे प्रमाण न्यायालयाने सांगितले. मुले थोडी असतील तर निदान वर्ग, अधिक असतील तर बोर्डावर राखीव प्रतिनिधी, आणि पुरेशी असतील तर संपूर्ण स्वतंत्र बोर्ड.

पुढे २०१५ आणि २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील खटल्यांत याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. अल्पसंख्याकांची शाळा ही शेजारच्या बहुसंख्याकांच्या शाळेच्या तोडीची असली पाहिजे. मोडकळीस आलेली इमारत देऊन कर्तव्य पार पडत नाही.

आजची व्यवस्था

ओंटारिओत १९८८ मध्ये ओटावा आणि टोरोंटो येथे पहिले फ्रेंच भाषिक बोर्ड स्थापन झाले. १९९७ च्या कायद्याने प्रांतातील बोर्डांची संपूर्ण पुनर्रचना झाली. १ जानेवारी १९९८ पासून एकूण ७२ जिल्हा बोर्ड अस्तित्वात आले : ३१ इंग्रजी सार्वजनिक, २९ इंग्रजी कॅथलिक, ४ फ्रेंच सार्वजनिक आणि ८ फ्रेंच कॅथलिक. फ्रेंच भाषिकांची संख्या थोडी असल्याने त्यांच्या प्रत्येक बोर्डाचा प्रदेश मात्र अतिशय विस्तीर्ण आहे. आठ कॅथलिक बोर्डांपैकी चार उत्तरेकडे सडबरी, टिमिन्स, नॉर्थ बे आणि थंडर बे येथून चालतात. उरलेल्या चारांचे कार्यक्षेत्र ओटावा, प्रांताचा पूर्व टोकाचा भाग, टोरोंटोचा परिसर आणि विंडसरकडील नैऋत्य भाग असे आहे.

या बोर्डांचा निधी मुख्यत्वे विद्यार्थिसंख्या व स्थानिक गरजा यांवर आधारलेल्या प्रांतिक सूत्राने ठरतो. अभ्यासक्रमाची चौकट प्रांतिक सरकार आखते. 'माहे' निकालाने भाषिक अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधींकडे पाच गोष्टी सोपविल्या आहेत : शिक्षणावरील निधीचा विनियोग, शाळाप्रमुखांच्या व प्रशासकांच्या नेमणुका, शैक्षणिक उपक्रमांची आखणी, शिक्षकांची भरती, आणि आवश्यक सेवांसाठी करार करणे.

वर्गात सर्व विषय फ्रेंचमधून शिकविले जातात. इंग्रजी एक विषय म्हणून असते, आणि ओंटारिओत वाढणारे मूल ती रस्त्यावर व बाजारातही सहज शिकते. कॅथलिक बोर्डांच्या शाळांत धर्मशिक्षण हा नियमित अभ्यासक्रमाचा भाग आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार आणि दृढीकरण या संस्कारांच्या तयारीत घर, शाळा आणि धर्मग्राम असे तिघेही सहभागी व्हावेत, ही अपेक्षा असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅनडातील इंग्रजी शाळांमध्ये 'फ्रेंच इमर्शन' नावाची योजना लोकप्रिय आहे. ती इंग्रजी भाषिक मुलांना दुसरी भाषा म्हणून फ्रेंच यावी यासाठी आहे. फ्रेंच भाषिक बोर्डाची शाळा ही त्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. तेथे शिक्षकांची खोली, खेळाचे मैदान, पालकसभा आणि प्रार्थना या साऱ्यांची भाषा फ्रेंच असते.

नव्याने आलेली कुटुंबे

ओंटारिओत सहा लाखांहून अधिक फ्रेंच भाषिक राहतात. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. त्यांत काँगो, कॅमेरून, हैती आदी देशांतून आलेल्या कुटुंबांचा वाटा वाढत आहे. जन्मभाषा वेगळी असली तरी फ्रेंच जाणणाऱ्या व घरी बोलणाऱ्या अशा लोकांचा समावेश व्हावा म्हणून २००९ मध्ये प्रांतिक सरकारने फ्रेंच भाषिकांची व्याख्या व्यापक केली.

२३ वे कलम नागरिकांपुरते आहे. त्यामुळे नवागतांच्या मुलांचा विचार प्रवेश समिती करते. शाळेचे मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि बोर्डाचा एक पर्यवेक्षक अधिकारी असे तिघे तीत असतात. एके काळी क्वेबेकहून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी भरलेले वर्ग आज आफ्रिकेतील कॅथलिक कुटुंबांच्या मुलांनी भरत आहेत. अनेक धर्मग्रामांतील फ्रेंच मिस्सांनाही त्यांच्यामुळे नवा जोम लाभला आहे.

आक्षेप आणि अडचणी

या व्यवस्थेवर आक्षेप घेणारेही आहेत. अन्य धर्मीयांच्या शाळांना निधी नाही, मग कॅथलिकांनाच का, हा प्रश्न जुना आहे. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने एका ज्यू पालकाच्या तक्रारीवर निर्णय देताना ओंटारिओची ही पद्धत भेदभावाची असल्याचे म्हटले. क्वेबेकने १९९७ मध्ये घटनादुरुस्ती करवून घेतली आणि १९९८ पासून धर्माधारित बोर्डांऐवजी भाषाधारित बोर्ड आणले. थोड्याशा फ्रेंच मुलांसाठी सार्वजनिक आणि कॅथलिक असे दोन समांतर बोर्ड कशाला, असे फ्रेंच समाजातीलही काही जण विचारतात. त्यावर उत्तर देताना कॅथलिक पालक सांगतात की, त्यांच्या मुलांच्या ओळखीचे हे दोन्ही धागे एकाच शाळेत विणले जावेत, यासाठीच त्यांच्या आजी-आजोबांनी झगडा केला.

दुसरी अडचण शिक्षकांची. २०२१ मध्ये प्रांतातील एका कार्यगटाने फ्रेंच शिक्षकांच्या गंभीर तुटवड्याकडे लक्ष वेधले. तिसरी अडचण अंतराची. फ्रेंच माध्यमिक शाळा दूर आणि इंग्रजी शाळा घराजवळ, अशा स्थितीत आठवीनंतर काही मुले इंग्रजी शाळेकडे वळतात. हक्क कागदावर मिळाला तरी तो रोज सकाळी बसने शाळेत न्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. ज्या काळात फ्रेंच कॅथलिक आपल्या भाषेसाठी झगडत होते, त्याच काळात कॅनडातील मूळ रहिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत नेऊन त्यांच्या भाषा तोडल्या जात होत्या. त्यांतील अनेक शाळा कॅथलिक धर्मसंघांनी चालविल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडाला भेट देऊन त्याबद्दल क्षमा मागितली. आपल्या मुलाच्या भाषेसाठी जे मागायचे, ते दुसऱ्याच्या मुलालाही द्यायला हवे, याची आठवण हा इतिहास करून देतो.

आपल्यासाठी एक नोंद

भारताच्या राज्यघटनेचे ३० वे कलम धर्म वा भाषा यांवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क देते. १९५६ मध्ये आलेल्या ३५० क कलमानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करणे हे राज्याचे काम आहे. आपल्या घटनाकारांनी 'स्थापन करणे' आणि 'चालविणे' हे दोन्ही शब्द एकत्र योजले. ओंटारिओच्या फ्रेंच समाजाला त्यातील दुसरा शब्द न्यायालयाकडून मिळवावा लागला.

आपली स्थिती त्यांच्यासारखी हुबेहूब नाही. महाराष्ट्रातील मराठी भाषिक कॅथलिक धर्माने अल्पसंख्य असले तरी राज्यात त्यांची भाषा बहुसंख्याकांची आहे. मराठी शाळेत जाण्यास आपल्याला कोणत्याही सरकारने मनाई केलेली नाही. ओंटारिओत शाळेला टाळे लागू नये म्हणून माता दारात उभ्या राहिल्या. आपल्या धर्मग्रामांतील मराठी माध्यमाच्या शाळांची दारे उघडी आहेत. त्यांच्या वर्गात मुले किती असावीत, हे कोणताही नियम ठरवीत नाही. ते आपण पालकच ठरवीत आहोत.